श्राद्धाच्या कढीतलं मीठ

मी भरभर सांगते, कारण हळू सांगणं मला जमत नाही. टायपिंग शिकायला जात होते तेव्हा मास्तर रोज ओरडायचे, बोटं आवर गं, मशीनला धाप लागेल. पण ही गोष्ट सांगायला घेतली की चार वाक्यांतच माझी मीच दमते. ते दिवसच तसे होते. आई दमलेली, मी दमलेली, आणि ज्यांच्यामुळे दमलो ते अप्पा सगळ्यांत जास्त दमलेले.

अप्पा म्हणजे माझे वडील. तंजावरजवळच्या कुंभकोणम्‌मधल्या मराठी घरांत लग्न, मुंज, श्राद्ध काहीही असलं की स्वयंपाकाला त्यांना बोलावणं यायचं. सगळे त्यांना मामा म्हणायचे, अगदी दात पडलेले आजोबासुद्धा. आमच्याकडे आचाऱ्याला मामाच म्हणतात, त्यात वय बघत नाहीत. आई त्यांच्याबरोबर वाटायला-किसायला जायची. मी मोठी झाल्यावर पाणी काढायला जायला लागले.

आणि अप्पा अफू खायचे.

सांगून टाकलं. घरात हा शब्द कोणी काढत नसे. आई नुसतं 'ते' म्हणायची. "ते घेतलंत का?" एवढंच. मिऱ्याएवढी काळी गोळी विड्यात घालून गालात ठेवायची. लग्नाच्या चुलीपुढे पहाटेपासून उभं राहून पायांचे खांब व्हायचे, तेव्हा बरोबरच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याने पहिली गोळी दिली होती. मी तेव्हा रांगत होते. मग ती गोळी पायांसाठी राहिली नाही, सगळ्यासाठीच झाली. पुढे सरकारने दारू बंद केली, अफूचंही कडक केलं, पण पानांच्या बाजारात एक म्हातारा बसायचा, त्याच्या टोपलीत विड्याच्या पानांच्या खाली ते असायचं. सगळ्या गावाला माहीत होतं. आईलाही.

एक सांगते, खोटं कशाला बोलू. गोळी घेत होते तोवर अप्पांचा हात कधी चुकला नाही. आमच्याकडे देवाला किंवा पितरांना दाखवायच्या आधी कोणी अन्न चाखत नाही. उष्टं होतं. म्हणजे मोठी पंगत असली तरी आचाऱ्याने एक थेंबही जिभेवर न ठेवता मीठ, आंबट, तिखट सगळं हाताच्या अंदाजाने घालायचं. अप्पा मूठ भरायचे आणि सोडायचे, मागे वळून बघायचे नाहीत. लोक म्हणायचे, मामांच्या हातालाच जीभ आहे.

मग इन्नंबूरला एका लग्नात ते चुलीपुढे बसल्याबसल्या पेंगले आणि पंच्याच्या सोग्याने पेट घेतला. आईने पिठाचं पाणी ओतून विझवला. भाजलं फारसं नाही. पण मांडवात सगळ्यांनी पाहिलं. बैलगाडीतून घरी येताना दोन्ही बाजूंना नुसती भाताची शेतं. घर दिसायला लागलं तेव्हा अप्पा म्हणाले, "उद्यापासून नाही."

आई म्हणाली, "सरी." आमच्यात 'बरं'ला पुष्कळदा तमिळच शब्द येतो. तो शब्द तिने असा म्हटला की त्यात विश्वासही नव्हता आणि भांडणही नव्हतं.

पुढचे आठवडे मी सांगत नाही. जांभया, शिंका, नाक वाहणं, पोट जाणं, पाय भिंतीवर आपटणं. वैद्यांनी काढे दिले. आम्हाला वाटलं, एवढं निभावलं की झालं.

झालं कुठलं. शरीर थाऱ्यावर आलं आणि मग खरं सुरू झालं. अप्पांना कशाचीही धास्ती वाटायची. भांडं पडलं, दचकले. पोस्टमन दारात उभा राहिला, घाम. आधी त्यांना हे सगळं वाटतच नसणार, ती गोळी मधे उभी असायची ना. आता मधे कोणी नाही. वैद्य म्हणाले, जीव घाबरला की डोक्यावर गार पाणी घ्या, आल्याचा तुकडा चघळा, आणि हाताला काम द्या, रिकामे बसू नका.

मग अप्पा तांदूळ निवडायला लागले. सकाळी निवडायचे, दुपारी निवडायचे. आमच्या घरच्या तांदळात खडा औषधालाही उरला नाही. मग शेजारणी आपापली सुपं आणून द्यायला लागल्या. एकजण हसत म्हणाली, "मामा, तुम्ही असेच राहा हो, आमचे डोळे वाचले." अप्पाही हसले. ती गेल्यावर सूप तसंच मांडीवर ठेवून बसून राहिले. खसखसही अफूच्याच बोंडातली, म्हणून आईने तिचा डबा शेजारी देऊन टाकला. वैद्य हसले, खसखशीने काही होत नाही म्हणाले. आई म्हणाली, "न होवो. मला ती घरात नको."

आणि आई कान देऊन असायची. अप्पा पायरी उतरले की ती हातातलं काम थांबवायची. पावलं उजवीकडे गेली तर नदी. डावीकडे गेली तर पानबाजार. उजवीकडे गेली की पुन्हा वाटायला लागायची. कोणी असं किती दिवस ऐकू शकतं? मी टायपिंगच्या क्लासला गेले की तिथल्या खडखडाटात मला बरं वाटायचं, कारण तिथे मला काही ऐकू यायचं नाही.

बोलावणी बंद झाली होती. आणि मग वकिलीणबाई आल्या.

त्या मोठ्या घरातल्या, आम्हाला लांबून नात्यातल्या, बोलण्यात पडदा नाही. ओटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, सासऱ्यांचं श्राद्ध आहे. लग्नसराईत सगळे आचारी गेलेत, म्हणून तुमच्याकडे आले. खोटं कशाला सांगू?"

"बरं केलंत," अप्पा म्हणाले.

"जमेल ना? आमचे हे म्हणत होते, मामांच्या हाताला चव होती ती त्या गोळीची."

आई आतून ताडकन म्हणाली, "मग गोळीलाच बोलवा स्वयंपाकाला!"

वकिलीणबाई खो खो हसल्या. "तू आहेस म्हणून तर आले गं मी." आणि गेल्या.

अप्पा हसले नाहीत. ते वाक्य त्यांच्यात जाऊन बसलं, कारण त्यांना स्वतःलाच ती भीती होती. संध्याकाळी मला म्हणाले, "खरं असेल काय गं ते?"

"काय?"

"की हात माझा नव्हताच."

मी काहीतरी मोठ्याने बोलून टाकलं, मी नेहमी तसंच करते. पण हे श्राद्ध बिघडलं तर ते पानबाजारात जाणार, हे मला कळत होतं. आईला कळत होतं. अप्पांनाही कळत होतं. तिघांनाही कळत होतं आणि तिघंही कोणत्या चुलीवर काय चढवायचं ते बोलत होतो.

श्राद्धाच्या स्वयंपाकाचं आणखी एक आहे, ते आधी सांगायला हवं. आमच्याकडे श्राद्धाला मिरची नाही, मिरं. पानात वरून मीठ वाढत नाहीत. आणि जेवायला बसलेले ब्राह्मण अन्नाला चांगलं-वाईट काही म्हणत नाहीत. म्हणायचंच नाही असा नियम. म्हणजे आचाऱ्याने आधी चाखायचं नाही आणि जेवणाऱ्याने नंतर सांगायचं नाही. लग्नात निदान कोणी ओरडतं तरी, मामा, मीठ! श्राद्धात सगळं मुकाट्याने पोटात जातं.

त्या दिवशी सकाळी सगळं नीट चाललं होतं. अप्पा ओल्या पंच्यात, सोवळ्यात. आई वड्यांची डाळ वाटत होती. मी मागच्या अंगणात विहिरीवर, कळशा भरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवत होते. केळीची भाजी झाली, खीर झाली, मुगाचं वरण झालं. कढी शेवटची. ताकाला मिरं-जिरं लावून अप्पांनी ती चढवली, आणि तेवढ्यात वकिलीणबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "मामा, तूप कुठलं काढू? गाईचं वेगळं ठेवलंय." अप्पा वळले, सांगितलं, परत वळले.

आणि थांबले.

मी उंबऱ्याबाहेरून बघत होते. हात मिठाच्या दगडी भांड्यावर, आणि हात हलेना.

"ऐकलंस का," ते आईला म्हणाले, "कढीत मीठ पडलं का?"

आईने मान वर केली. "मी नाही पाहिलं."

"मला वाटतं पडलं."

"मग झालं."

"नाही गं, मला वाटतं ते वरणात पडलं. कढीत... अय्यो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू पाहिलंस?"

मीठ घालायच्या वेळी मी विहिरीवर कळशी भरत होते, मी कशी पाहणार? मी मान हलवली. कढीला उकळी फुटायला आली होती. पाहून कळत नाही, वासाने कळत नाही, बोट बुडवून जिभेला लावलं असतं तर क्षणात कळलं असतं. ते एकच करता येत नव्हतं. त्यांच्या कपाळाला घाम सुटला. चुलीचा घाम निराळा असतो, हा तसला नव्हता.

त्यांनी मूठ भरली.

"घालू नका," आई म्हणाली. ती उठून जवळ आली होती. "दोनदा पडलं तर कोणाला गिळवणार नाही. नाही पडलं तर निदान खातील."

"आणि नसलंच पडलं तर?"

"तर नसलं."

अप्पांनी मूठ उघडली. मीठ परत दगडीत पडलं. कढी उतरवली.

सगळा स्वयंपाक आत पंगतीकडे गेला. आत मंत्र, वाढप, पानांचा आवाज. वाढायला वकिलांचे भाऊ होते, त्यामुळे अप्पांना काम उरलं नाही आणि हीच गोष्ट वाईट. ते मागच्या अंगणात येऊन धुण्याच्या दगडाशेजारी बसले. अंगणाला मागचं दार होतं आणि दार उघडं होतं. त्या बोळातून सरळ गेलं की पानबाजार. मला तिथूनच पानांच्या टोपल्या घेऊन जाणारा माणूस दिसला. अप्पांनाही दिसला.

"काय होतंय अप्पा?"

"काही नाही. पोटात कोणीतरी येरझाऱ्या घालतंय."

"डोक्यावर पाणी ओतू?"

"ओत."

मी कळशी ओतली. ते डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "मी उठलो तर मला थांबव हं."

"तुम्हाला मी कशी धरणार?"

"धरू नकोस. सोवळ्यात आहे मी, शिवायचं नाही. हाक मार."

मला रडू यायला लागलं होतं आणि हसूही. एवढं सगळं कोसळत होतं आणि माणसाला सोवळ्याची आठवण होती. मी आल्याचा तुकडा दगडावर ठेवला, त्यांनी तो चघळला. आतून काही कळेना. एका ब्राह्मणाने पाणी मागितल्याचं ऐकू आलं. अप्पा म्हणाले, "बघ. खारट झालंय." मग कोणी कढी पुन्हा मागितली. ते म्हणाले, "मागितली. म्हणजे बरी असेल." मग लगेच, "नाही, भात कोरडा झाला असेल म्हणून मागितली." दर दोन क्षणांनी त्यांची कढी खारट व्हायची, अळणी व्हायची, बरी व्हायची. आणि दर वेळी नजर त्या दाराकडे.

"तुमच्या मास्तरांनी काय शिकवलं परवा?" त्यांनी एकदम विचारलं.

"टायपिंगमध्ये?"

"सांग. भरभर सांग, तुला येतं तसं."

मग मी काय, सुटलेच. मी दगडाच्या या बाजूला बसले, ते त्या बाजूला. मी दगडावर बोटं ठेवून दाखवली, डाव्या हाताची चार इथे, उजव्या हाताची चार तिथे, अंगठे मोकळे. प्रत्येक बोटाला आपापली अक्षरं, दुसऱ्याच्या अक्षराला हात लावायचा नाही.

"सोवळंच म्हणायचं हे," अप्पा म्हणाले आणि त्यांनी बोटं ठेवली. जाड, डाग पडलेली, एका नखाची चीर कधी न भरलेली. "हं. पुढे?"

"करंगळी. ए."

त्यांची करंगळी उठेना. उठली की शेजारचं बोट बरोबर यायचं. "या बोटाला पहिलं अक्षर? या बोटात काय ताकद असते? हे मशीन काढणाऱ्या साहेबाला स्वयंपाक येत नसणार."

"ए. एस. डी. एफ. परत. न बघता."

"न बघता?"

"बघायचं नाही बोटांकडे. मास्तर छडी मारतात."

ते दाराकडे बघत दगडावर बोटं वाजवायला लागले. एक, मग दुसरं. मी म्हणत होते आणि ते वाजवत होते. चुकले की मी ओरडायचे आणि ते म्हणायचे, "सरी सरी, परत." किती वेळ ते मला माहीत नाही. मी मधेच थांबले की त्यांचे पाय हलायला लागायचे, म्हणून मी थांबले नाही. घसा कोरडा पडला. मला आयुष्यात बोलायचा कंटाळा कधी आला नाही, त्या दिवशी आला. तरी बोलत राहिले.

आतून वकिलांचा आवाज आला. जेवणाऱ्यांना शेवटी विचारतात ना, तृप्त झालात का. आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, तृप्त झालो.

अप्पांची बोटं थांबली. ते म्हणाले, "हे तर म्हणायचंच असतं."

"हो."

"माती वाढली असती तरी म्हटलं असतं."

"हो अप्पा."

ते उठून उभे राहिले. मी जोरात हाक मारली, "अप्पा!" इतकी जोरात की आई उंबऱ्यावर आली. ते दाराकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "अगं, पाय मोकळे करतोय." पण हसले नाहीत. मला वाटतं, तेव्हा ते जाणारच होते.

मग घरच्यांची पंगत बसली, तिला ब्राह्मणांच्या पानाचे नियम नाहीत. आणि पहिल्याच भाताला तंजावरहून आलेल्या पाहुण्यांचा आवाज, "अहो, जरा मीठ आणा इकडे."

"कशाला?" कोणीतरी.

"कढीला."

"मलाही."

"इकडेही."

आई उंबऱ्यावरच खाली बसली. अप्पांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. वकिलीणबाई हातात मिठाची वाटी घेऊनच मागे आल्या, त्यांना राहवलं नसणार.

"मामा, कढी अळणी आहे हो."

"चुकलं," अप्पा म्हणाले.

"पार अळणी. मिठाचा कणसुद्धा नाही."

"हो. राहून गेलं. चुकलं."

त्या थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. अप्पांकडे, भिजलेल्या डोक्याकडे, माझ्याकडे. मग म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना वैद्य जन्मभर सांगत होते, मीठ कमी करा. एक दिवस ऐकलं नाही. आज ऐकायला लागलं." वळल्या, आणि जाता जाता, "खीर छान झालीय. पुढच्या वर्षी कढीकडे बघा मात्र."

"पुढच्या वर्षी म्हणाल्या," आई हळूच म्हणाली. तिने ते वाक्य तिथल्या तिथे उचलून ठेवलं.

मग आम्हाला पानं वाढली. अप्पांनी पहिल्यांदा कढीच ओढली. भुरका मारला, थांबले, परत मारला. "खरंच नाही," म्हणाले, जणू अजून थोडी शंका होती. वरून चिमूटभर मीठ घालून कालवली आणि म्हणाले, "बाकी सगळं बरोबर आहे. मिरं बरोबर आहे. आंबट बरोबर आहे." आईकडे बघून, "मूठ भरली होती ती टाकली असती तर बरोबर झालं असतं."

"मला काय ठाऊक," आई म्हणाली. "मी पण अंदाजानेच बोलले."

"नाही, ठीक केलंस." ते जेवायला लागले. खूप जेवले. कितीतरी दिवसांनी त्यांना असं जेवताना पाहिलं.

घरी निघालो तेव्हा ऊन मावळतीकडे झुकलं होतं. आईच्या डोक्यावर आमच्या कढया, माझ्या हातात झारे. आमची वाट पानबाजाराच्या तोंडावरून जाते, दुसरी नाही. तिथे अप्पा थांबले. आई चार पावलं पुढे गेली आणि तीही थांबली, पण मागे वळली नाही. मी मधे. हाक मारू की नको? या वेळी त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या घशात आवाज उरला नव्हता, खरंच सांगते.

"पाय दुखतायत," अप्पा म्हणाले.

ते वाक्य आम्ही दोघींनी हजार वेळा ऐकलं होतं. गोळी आणायला निघताना ते हेच म्हणायचे. आईच्या डोक्यावरच्या कढया किणकिणल्या.

"आणि झोप येतेय मला," ते म्हणाले. त्यांनाच त्याचं नवल वाटल्यासारखं परत म्हणाले, "अगं, झोप येतेय." आणि आईला मागे टाकून भरभर चालायला लागले, घराकडे, कोणीतरी ती झोप हिसकावून घेईल असं वाटल्यासारखे.

ओटीवर पोचले, चटईसुद्धा पसरली नाही. अंगाला चुलीचा वास, डोक्याचे केस वाळून ताठ झालेले. पडले आणि घोरायला लागले. अफू सोडल्यापासून दिवसा त्यांचा डोळा लागला नव्हता, रात्रीही तुटक तुटकच. आई कढया खाली ठेवून त्यांच्या उशाशी बसली आणि पदराने माश्या वारायला लागली. मी झारे घासायला घेतले तर म्हणाली, "वाजवू नकोस. राहू देत तसेच."

थोड्या वेळाने पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. त्यांच्याकडेही पुढच्या आठवड्यात श्राद्ध होतं, आचारी मिळत नव्हता. पायरीवरूनच विचारलं, "मामा आहेत का?"

"निजलेत," आई म्हणाली.

"उठवता का जरा?"

"नाही उठवत." आईने पदर हलवणं थांबवलं नाही. "बसा. उठतील तेव्हा विचारा."

बाई बसल्या. मीही खांबाला टेकून बसले. बोटं मांडीवर आपोआप वाजत होती, ती मी दुसऱ्या हाताने धरून ठेवली.